जुनी मोटार दारात आणण्यापूर्वी



जत्रेच्या बाजारात बैलजोडी घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो, हे तुम्हांला सांगायला नको. तो आधी बैलाचे दात बघतो. मग खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो आणि विकणारा फारच घाई करू लागला तर दोन पावले मागे सरतो. शिंगांना लावलेला रंग आणि बांधलेले गोंडे यांच्याकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. पण गंमत अशी, की हाच शहाणा माणूस जुनी मोटार घ्यायला गेला म्हणजे नेमका उलटा वागतो. आधी रंग बघतो, गादी दाबून बघतो, हॉर्न वाजवून बघतो आणि विसार देऊन मोकळा होतो. दात बघायचे राहूनच जातात.

आज बोलायचे आहे ते अशा जुन्या मोटारीविषयी. चार-पाच वर्षे वापरलेल्या गाडीविषयी नव्हे. पंचवीस-तीस वर्षांची, कुणाच्या तरी गोठ्याशेजारी धूळ खात पडलेली गाडी घ्यावी आणि सवडीने, स्वतःच्या हातांनी ती पुन्हा चालती करावी, असा नाद ज्यांना लागला आहे किंवा लागू पाहतो आहे, त्यांच्यासाठी हे भाषण आहे. नाद वाईट नाही. त्यातून हाताला कसब येते, डोक्याला शिस्त लागते. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण या नादाला जितकी लागू पडते, तितकी दुसऱ्या कशाला पडत नसेल. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी हिशेब हवा.

उदाहरणासाठी आपण एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने धावू लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. पण घरगुती वापरातल्या पद्मिनी गावोगावी अजून उभ्या आहेत.

शिकाऊ माणसाला ही गाडी बरी. का? तर हिचे सगळे पोट उघडे आहे. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे. संगणक नाही की सेन्सर नाही. पेट्रोल कार्ब्युरेटरमधून येते, ठिणगी पॉइंट आणि कॉइलमधून येते, आणि बिघाड कुठे झाला हे पाना आणि साधा दिवा घेऊन शोधता येते. शिक्षक मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. ब्रेकचे पायडल दाबले की चारही चाकांशी दाब पोचतो, हा पास्कलचा नियम. बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टची ठिणगी निघते, हे विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन. गिअर म्हणजे तरफेचा आणि दातांच्या प्रमाणाचा धडा. फळ्यावर आठ दिवसांत जे उमजत नाही, ते बॉनेट उघडून अर्ध्या तासात उमजते.

आता घेताना काय बघायचे? सर्वांत आधी कागद. हो, इंजिनाच्याही आधी. आर.सी. बुकावरचा इंजिन नंबर आणि शासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. विकणारा आणि नोंदलेला मालक एकच आहे ना? मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी आधी चढू द्या, मग पैसे मोजा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ मागा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते खरी, पण तिला तिथला ना हरकत दाखला लागतो, इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. आणि जिची नोंदणी रद्द झालेली आहे, ती कितीही देखणी असो, तिच्या वाटेला जाऊ नका.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर गेले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. दर बदलत असतात, तेव्हा सौदा करण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन त्या दिवसाचा आकडा लिहून घ्या. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. पैसे हाती आले, किल्ली दिली, म्हणजे आपण सुटलो असे समजू नका. नमुना २९ आणि ३० भरून गाडी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. एक गाडी हातोहात चौघांकडे गेली, नाव मात्र पहिल्याचेच राहिले आणि अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच. विचार करा, एखाद्या निवृत्त गुरुजींनी भंगाराच्या भावाने दिलेली गाडी आणि दहा वर्षांनी दारात आलेली लाखोंची नोटीस! हा धोका एका सहीने टळतो.

कागदानंतर पत्रा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी शासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची शासी. त्यामुळे दरवाजाखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा गंजली, तर तो नुसता दिसण्याचा दोष नव्हे. गाडीचा कणाच मोडलेला आहे. एक लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे. कोकणात खाऱ्या वाऱ्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली गाडी यांच्यात याच जागी फरक पडतो. इंजिन दुरुस्त होते, मिळालेही तर बदलता येते. कुजलेला सांगाडा मात्र पैसे खातच राहतो.

मग इंजिन. गाडी चालू होत असेल तर धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडून पाहा. आत ताकासारखा पांढरा फेस दिसला तर संशय पक्का. कॉम्प्रेशन मोजायचे साधन मिळाले तर चारही सिलिंडर मोजा. एखादा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा. एवढ्या एका परीक्षेने खर्चाचा अंदाज पुष्कळ नेमका होतो.

गाडी दारात आली. आता सगळे नटबोल्ट एका दिवसात सोडवायचा मोह होतो. तो आवरा! अर्ध्यात सोडलेल्या बहुतेक गाड्या या पहिल्या उत्साहातच मोडलेल्या असतात. गाडी सगळी खोलली जाते, सुटे भाग पोत्यात जातात, पावसाळा येतो, आणि कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच काम काढा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. डब्यांवर नावे लिहा. एक वही ठेवा. तारीख, काम, खर्च.

कामाचा क्रम असा असावा. पहिला ब्रेक, दुसरे स्टिअरिंग आणि चाके, तिसरे पेट्रोलची टाकी आणि नळ्या, चौथी वायरिंग, पाचवे रेडिएटर आणि इंजिन, सहावा पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. लोक रंगापासून सुरुवात करतात, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला. जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला पुष्कळदा एकच वाट असते. एका ठिकाणी गळती झाली की सगळेच ब्रेक जातात. तेव्हा रबरी नळ्या, चाकांमधले रबराचे कप आणि मास्टर सिलिंडर दिसायला बरे असले तरी नवे घाला. टायरवरची नक्षी पाहून फसू नका. कडेवर चार आकडे असतात. २३१८ असे असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला टायर. उभ्या गाडीचे रबरही म्हातारे होतेच.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टर मारून चालू करू नका. आधी जुने पेट्रोल काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, एक दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा. सहज फिरले तर ऑइल आणि पाणी बदलून पुढचे पाऊल.

इथे एक नवी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या गाडीतले रबर आणि गॅसकेट त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे पडून राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजते. उपाय साधा आहे. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गॅसकेट इथेनॉल सोसणारे घाला, आणि गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवू नका. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत धुंडाळावे लागतात. जुना भाग नमुन्याला बरोबर न्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोटार दुरुस्त करताना माणूस दगावता कामा नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. पक्के स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, विट फुटते. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. रिकाम्या पेट्रोल टाकीला वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. ब्रेकड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. शाळेत मुलांच्या हाती गाडी देणार असाल तर हे चार नियम भिंतीवर लावा.

शेवटी पैशाचे. गाडीच्या किमतीइतकी तरी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, तरच विसार द्या. पीककर्जातून, बियाण्याच्या पैशातून किंवा दागिना गहाण टाकून हा नाद करू नये. ज्याला रोज दवाखान्याला, बाजाराला, नोकरीला जायचे आहे, त्याने त्यासाठी धडधाकट गाडी किंवा एस.टी. धरावी, दुरुस्तीला काढलेल्या मोटारीवर घरातल्या आजाऱ्याचा भरवसा टाकू नये. रस्त्यावर काढण्याआधी विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. तिऱ्हाइताच्या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हाच आहे.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग घ्यायचीच कशाला? घ्यायची ती याच्यासाठी, की गावातल्या मुलांना आज वस्तू वापरता येतात, पण उघडता येत नाहीत. बिघडली की टाकून द्यायची सवय लागली आहे. एखाद्या शाळेच्या आवारात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीपुढे वर्षभर एक जुनी गाडी उभी राहिली, दर रविवारी चार मुलांनी तिचा एक एक भाग उघडला, पुसला, समजून घेतला आणि परत बसवला, तर वर्षाअखेर गाडी किती चालली याला फार महत्त्व नाही. त्या चौघांपैकी एकाला जरी पंपाचा, ट्रॅक्टरचा, इंजिनाचा दोष कानाने ओळखता येऊ लागला, तरी मोटारीने आपली किंमत फेडली असे समजावे.

तेव्हा घाई नको. आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन. आधी ब्रेक, शेवटी रंग. एवढे ध्यानात ठेवा, वही घाला आणि मगच किल्लीला हात लावा.