'वर्क' या शब्दाचा हिशेब

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्रावरील व्याख्यानाची सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून व्हावी, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. तो शब्द आहे 'वर्क'. मुलांना शाळेतून होमवर्क मिळतो, बिघडलेली गाडी वर्कशॉपमध्ये जाते, मोबाइलला नेटवर्क नसते. २०२० च्या टाळेबंदीत 'वर्क फ्रॉम होम' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. वस्तुतः ज्या घरांत तो पोहोचला, तेथे काम पूर्वीपासूनच पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू होते. त्याला 'वर्क' म्हणण्याची पद्धत मात्र नव्हती.

इंग्रजीत हा एक शब्द अनेक अर्थांचे ओझे वाहतो. 'वर्क' म्हणजे कोणतेही श्रम, 'वर्क' म्हणजे नोकरी, 'वर्क' म्हणजे लेखकाची कृती, आणि यंत्र चालते तेव्हा तेही 'वर्क' करते. मराठीत यासाठी काम, कष्ट, नोकरी, कृती, चालणे असे निरनिराळे शब्द आहेत. भौतिकशास्त्रातील 'वर्क'ला आपण 'कार्य' म्हणतो. बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. त्या हिशेबाने डोक्यावर हंडा घेऊन सपाट वाटेने मैलभर चालणारी स्त्री गुरुत्वबलाविरुद्ध शून्य कार्य करते! भौतिकशास्त्राची ही व्याख्या त्याच्या प्रयोजनापुरती निर्दोष आहे. प्रश्न असा की, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र त्या स्त्रीच्या बाबतीत काय करतात?

'वर्किंग वुमन' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कार्यालयात जाणारी स्त्री उभी राहते. म्हणजे 'वर्क'च्या अनेक अर्थांतून आपण 'पगारी नोकरी' हा एकच अर्थ उचलला. सर्वेक्षक दारात येऊन विचारतो, "आपल्या पत्नी काम करतात का?" उत्तर येते, "नाही हो, ती घरीच असते." त्याच वेळी ती गोठ्यात शेण काढत असते. एका शब्दाच्या अर्थामुळे ती राष्ट्राच्या हिशेबातून वगळली जाते.

जनगणनेचा अनुभव

शब्दार्थ बदलला की आकडे कसे बदलतात, हे आपल्या जनगणनेत स्पष्ट दिसते. १९६१ च्या जनगणनेत हंगामाच्या बहुतांश काळात नियमितपणे दिवसाला किमान एक तास काम करणाऱ्या व्यक्तीलाही 'वर्कर' मानले गेले. तेव्हा स्त्रियांचा कामातील सहभाग सुमारे २८ टक्के नोंदला गेला. १९७१ मध्ये व्यक्तीचा 'मुख्य व्यवसाय' विचारण्यात आला. शेतात राबूनही अनेक स्त्रियांची नोंद प्रामुख्याने गृहिणी म्हणून झाली आणि हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. दहा वर्षांत देशातील स्त्रियांनी निम्मे काम सोडून दिले, असे कोणी म्हणणार नाही. बदल मुख्यतः प्रश्नातील शब्दांचा होता. १९८१ मध्ये मुख्य आणि सीमांत कामकरी असे दोन वर्ग केले गेले, तर १९९१ मध्ये घरच्या शेतातील वा उद्योगातील विनामोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच आला. त्यानंतर हे प्रमाण सुधारत २००१ मध्ये पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ९२ आणि ९३ हे दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीसाठी ९२, तर घरकामाबरोबरच सरपण, चारा, रानभाजी गोळा करणे किंवा घरच्या वापरासाठी शिवण, विणकाम करणाऱ्यांसाठी ९३. दोन्ही वर्ग श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. याउलट १९९३ च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय-लेखा पद्धतीनुसार स्वतःच्या वापरासाठी सरपण वा पाणी आणणे हे उत्पादनाच्या कक्षेत येते. म्हणजे उत्तराखंडच्या डोंगरातून सरपणाची मोळी आणणारी स्त्री एका मोजपट्टीने उत्पादक, तर दुसरीने श्रमशक्तीबाहेरची ठरते.

स्वयंपाक, स्वच्छता, बालसंगोपन या विनामोबदला घरगुती सेवा तर दोन्हींतून वगळल्या जातात. यातील विसंगती ए. सी. पिगू यांनी १९२० मध्येच दाखवली होती. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते! आपल्याकडील उदाहरण पापडांचे आहे. लिज्जतसाठी लाटलेला पापड उत्पन्नात धरला जातो, परंतु त्याच हातांनी घरच्यांसाठी केलेल्या स्वयंपाकाला त्या हिशेबात स्थान नाही.

मोजणी आणि हक्क

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग म्हणजे वेळेची मोजणी. १९९८-९९ मध्ये हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत तिचा प्रायोगिक प्रयत्न झाला. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत अंतर जवळपास तेवढेच राहिले.

हा केवळ आकड्यांचा वाद असता, तर आपला वेळ मी घेतला नसता. 'वर्कर' या शब्दावर हक्क अवलंबून असतात. अहमदाबादमध्ये १९७२ साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना कामगार संघ म्हणून नोंदवू पाहिली, तेव्हा या स्त्रियांना मालकच नाही, मग त्या कामगार कशा, असा आक्षेप घेतला गेला. पाठपुराव्यानंतर नोंदणी झाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील स्त्रीला इंग्रजीत 'अंगणवाडी वर्कर' म्हणतात, पण मराठीत ती 'सेविका' होते आणि तिला वेतनाऐवजी 'मानधन' मिळते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. गृहिणीचा अपघाती मृत्यू झाल्यास भरपाई ठरवतानाही 'तिचे उत्पन्न किती?' हा प्रश्न उभा राहतो. २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेळ-वापर सर्वेक्षणातील हेच २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे उद्धृत करून गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य मान्य केले. मोजणी झाली होती, म्हणूनच न्यायालयाच्या हाती आधार होता.

पुढील दिशा

२०१३ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'वर्क' आणि 'एम्प्लॉयमेंट' यांची फारकत केली. इतरांच्या किंवा स्वतःच्या वापरासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी प्रत्येक कृती म्हणजे काम, आणि मोबदला वा नफा यांसाठी केलेले काम म्हणजे रोजगार. हा भेद आपण आपल्या विश्लेषणात आणला पाहिजे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ स्वागतार्ह आहे. तथापि, काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या उद्योगात विनावेतन मदतनीस आहेत, हेही लक्षात घ्यावयास हवे. त्यांचे काम मोजले गेले ही प्रगती खरी, पण त्यांच्या हाती पैसा आला असा त्याचा अर्थ होत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या सर्वेक्षणांत सहभागी होतील. १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची जनगणनाही समोर आहे. आपण प्रश्नावली तयार कराल तेव्हा "बाई काम करतात का?" एवढ्यावर थांबू नका. पाणी कोण आणते, धार कोण काढते, लावणीला कोण जाते, आजाऱ्याची शुश्रूषा कोण करते, हे एकेक करून विचारा. शक्यतो ते त्या स्त्रीलाच विचारा. नळ, स्वयंपाकाचा गॅस, पाळणाघर यांवरील खर्चाचे समर्थन याच उत्तरांतून उभे राहते. कारण जो वेळ मोजलाच गेला नाही, तो वाचवण्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.