एकट्या पालकाचा हिशेब आणि गावाची जबाबदारी



विधवा, परित्यक्ता किंवा पत्नीच्या निधनानंतर एकट्याने संसार ओढणारा पुरुष यांच्यापुढे रोज सकाळी एकच प्रश्न उभा असतो. पोटासाठी पूर्ण दिवस काम करावे, की लहान मुलासाठी कामाचे तास कमी करावेत? दोन पालकांच्या घरात हा भार वाटून घेता येतो. एकट्या पालकास मिळवावेही लागते आणि सांभाळावेही लागते.

हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, तसाच हिशेबाचाही आहे. उदाहरणादाखल असे समजू, की एका विधवेस दिवसाला ४०० रुपये मजुरी मिळते व महिन्यात २५ दिवस काम असते. पूर्ण दिवस काम केल्यास १०,००० रुपये व अर्धा दिवस केल्यास ५,००० रुपये तिच्या हाती येतील. एका मुलाच्या सांभाळासाठी दरमहा २,००० रुपये द्यावे लागले, तर पूर्ण दिवसाच्या कामातून ८,००० रुपये उरतात. मुले दोन असतील तर ६,००० उरतात. म्हणजे रोज दुप्पट राबून महिन्याकाठी भर पडते ती अवघ्या १,००० रुपयांची. मुलांच्या आजारपणात तीन खाडे झाले, की ती ४०० रुपयांवर येते. अशा स्थितीत तिने कामाचे तास कमी केले, तर तिला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल.

परंतु अर्ध्या दिवसाचे काम सर्वत्र मिळते असे नाही. मग तिसराच मार्ग पत्करला जातो. थोरल्या मुलीस शाळेतून घरी ठेवले जाते. आईची मजुरी बुडत नाही, सांभाळाचे पैसेही वाचतात. किंमत मात्र ती मुलगी आपल्या शिक्षणाने मोजते. कोणत्याही जमाखर्चात ही रक्कम लिहिली जात नाही. ती दिसते केवळ शिक्षकांच्या हजेरीपटावर.

या अडचणीची जाणीव शासनास नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या कारखान्यांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्या सांभाळासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी देण्याची तरतूद होती. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यातील सुधारणेने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. केंद्र शासनाच्या सेवेतील एकट्या पुरुष पालकासही २०१८ पासून बालसंगोपन रजेचा लाभ देण्यात आला. तथापि शेतमजूर, धुणीभांडी करणारी स्त्री व लहान दुकानातील नोकर यांच्यापर्यंत रजा पोहोचत नाही आणि आस्थापनेचे पाळणाघरही पोहोचत नाही.

गावात अंगणवाडी असते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ती घराजवळ आणली. पण अंगणवाडीची वेळ काही तासांची असते व मजुराचा दिवस त्याहून मोठा असतो. शिवाय तेथील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांवरील मुलांसाठी आहे. ही उणीव भरून काढण्याकरिता २०२२ मध्ये पाळणा योजनेखाली अंगणवाडीस पाळणाघराची जोड देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी महिन्यातून २६ दिवस व रोज साडेसात तास सेवा, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदानही २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आले. वरील उदाहरणाशी ही रक्कम ताडून पाहिली, तर तिचे मोल ध्यानात येते.

येथे प्रत्येकाचे काम निराळे आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील एकट्या पालकांची व त्यांच्या लहान मुलांची यादी करावी, पाळणाघराचा ठराव ग्रामसभेपुढे आणावा आणि त्याची वेळ शेतीच्या कामाच्या वेळेशी जुळवावी. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाचा निधी वर्षअखेरीस घाईने वस्तुखरेदीत संपविण्याऐवजी या कामी वापरता येईल का, याचा विचार करावा. शिक्षकांनी सुगीच्या दिवसांत वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन कारण जाणून घ्यावे. अधिकाऱ्यांनी अनुदानाचा अर्ज कागदपत्रांच्या एका त्रुटीपायी महिनोन् महिने पडून राहणार नाही हे पाहावे.

मूल सुरक्षित आहे या भरवशावर आई कामाला जाऊ शकली आणि थोरली मुलगी वर्गात बसू शकली, तर पाळणाघरावरील खर्च गावाने पुढील पिढीसाठी केलेली गुंतवणूकच ठरेल.