मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा

आई शर्टाचं बटण काजात अर्धं सरकवते, उरलेलं लेकानं ओढायचं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एवढं जमायला कधीकधी महिने लागतात.

अठराव्या वर्षी नवा पेच पडतो.

कायद्याच्या लेखी मूल सज्ञान होतं आणि आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी तिचे सदस्य असतात. भावंडांशी हा विषय काढायला आईवडील कचरतात. तो वेळीच काढायला हवा, कारण पालक म्हणून भावाबहिणीचंही नाव देता येतं.