सूर परत आणणारे हात



संगीत नाटकांतला ऑर्गन आपण ऐकला आहे. पायाने भाता मारावा, पट्टी दाबावी, सूर उमटतो. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमधला ऑर्गनही हवेवरच बोलतो. मात्र त्याला सुमारे 8,000 नळ्या आहेत आणि पट्ट्यांच्या पाच ओळी आहेत. काव्हाये-कोल या थोर कारागिराने 1868 साली त्याची पुनर्बांधणी केली.

15 एप्रिल 2019 रोजी त्या चर्चचे छप्पर जळाले. ऑर्गन आगीतून वाचला. पण छपरावरचे शिशाचे पत्रे वितळले आणि शिशाची धूळ त्याच्यावर बसली. शिसे हे विष आहे. ते श्वासावाटे कामगाराच्या रक्तात शिरते. म्हणून त्या जुलैत चर्चमधले काम थांबवावे लागले. अंगावरची धूळ धुण्याची कडक व्यवस्था झाली, तेव्हाच ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले.

2020 च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ऑर्गन सुटा करून उतरवला गेला. भाग स्वच्छ झाले, पुन्हा चढले. मग सूर जुळवायचे! दिवसा गवंडी-सुतारांचे ठोके चालत. म्हणून ऑर्गनचे कारागीर रात्री बसत. त्याला सहा महिने लागले. अखेर 7 डिसेंबर 2024 रोजी ऑर्गन पुन्हा बोलला.

मैफलीत टाळ्या वादकाला मिळतात, मिळाव्यातच. पण जुलैतल्या त्या थांबण्याला कोणी खोळंबा म्हणेल, तर मी म्हणेन, सूर जुळवायला खरा प्रारंभ तिथेच झाला.