मृत्युपत्र आणि वृद्धांच्या मनाची पारख
(नाशिक येथे संस्थेच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मृत्युपत्राचा विषय काढला की आपली माणसे म्हणतात, "वकीलसाहेब, आमच्याजवळ आहेच काय?" एके काळी ते खरे होते. परंतु नाशिकरोडचा छापखाना, रेल्वे, एकलहऱ्याचे वीज केंद्र, ओझरचा विमान कारखाना येथून निवृत्त झालेल्या अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन घर बांधले. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिचा शेवटचा शब्द खरोखर तिचाच आहे काय, हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. एका आजींना त्यांचा मुलगा रिक्षातून घेऊन आला. मी विचारीत होतो आजींना, उत्तरे देत होता मुलगा. मी लिहिले, वाचून दाखविले, आजींनी मान हलविली, अंगठा दिला. पुढे आजी वारल्या आणि मुली कोर्टात गेल्या. साक्षीच्या पिंजऱ्यात मला विचारले गेले, "आजींशी तुम्ही एकट्याने बोललात काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी ज्या रीतीने काम करतो, तीच आज सांगतो.

भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ५९ प्रमाणे शुद्ध मनाची कोणतीही सज्ञान व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. वयाला वरची मर्यादा नाही. बहिरी किंवा आंधळी व्यक्तीही, आपण काय करतो हे तिला कळत असेल तर, मृत्युपत्र करू शकते. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस भानावर असताना करू शकतो. मात्र आजाराने वा नशेने भान हरपले असेल, तर त्या वेळी केलेले टिकत नाही. प्रश्न वयाचा नाही, सही करतेवेळच्या समजेचा आहे.

ती समज ओळखावी कशी? इंग्लंडमध्ये १८७० साली बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यात सांगितलेली कसोटी आजही उपयोगी पडते. आपण काय करतो आहोत, आपली मालमत्ता साधारण किती, आपल्यावर कोणाकोणाचा हक्क पोहोचतो, हे कळते काय? आणि मनात एखादा भ्रम बसून त्यानेच निर्णय फिरविला आहे काय?

यासाठी मी घरच्यांना बाहेर बसवितो आणि "हो-नाही"चे प्रश्न टाळतो. "आजी, घर कोणाच्या नावावर आहे? मुले किती? धाकटीला का नाही दिले?" असे विचारतो. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो. चार दिवसांनी पुन्हा विचारतो. उत्तर तेच आले तर मनाला खात्री वाटते. आजची तारीख सांगता आली नाही म्हणून कोणी असमर्थ ठरत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला पाढे विचारू नयेत, घरखर्चाचा हिशोब विचारावा.

ऐकू येत नसेल तर कानाचे यंत्र लावावे, चष्मा द्यावा, सकाळची वेळ घ्यावी. लघवीचा संसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे, झोपेची औषधे यांनीही म्हातारे माणूस बरळू लागते. उपचाराने ते पुष्कळदा भानावर येते, सबब थांबावे. शंका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून लेखी दाखला घ्यावा.

सर्वोच्च न्यायालयात १९५८ साली व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणाचा निकाल न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब ठरते. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते. नुसत्या नोंदणीने संशय फिटत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९६१ साली सांगितले. किमान दोन साक्षीदार लागतात. ते लाभार्थी नसावेत, आणि वयाने लहान असावेत, म्हणजे पुढे साक्षीला उभे राहू शकतील.

उलट बाजूही सांगतो. आई मुलीला घर देते म्हटले, की घरात कुजबुज सुरू होते, "म्हातारीला चळ लागला." मित्रांनो, न पटणारा निर्णय म्हणजे वेड नव्हे! मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्या मालकीत देण्याचा हक्कही येतो.

आणखी एक इशारा. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र मात्र सहजी फिरविता येत नाही. "मृत्युपत्रच आहे" असे सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला जाऊ शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी विचारावे, "आजी, हे घर आजपासून कोणाचे?"

तथागतांनी ऐंशीव्या वर्षी, महापरिनिर्वाणाच्या वेळीही भिक्खूंना शंका विचारण्यास पुन्हा पुन्हा सांगितले, असे परंपरा सांगते. जाणारा शांत होता आणि मागे राहणाऱ्यांना बोलायला सांगत होता. आपल्या घरातील वृद्धांनाही तेवढी शांतता आणि तेवढा अवधी द्या. विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी डॉक्टर. कागद पुढे करण्याआधी खुर्ची जवळ ओढा आणि म्हाताऱ्या माणसाचे ऐका.

जयभीम! नमो बुद्धाय!