मात्रा, मार्ग आणि राखण



कामगार संघटनेच्या माणसाने औषधावर का बोलावे, असे कोणी विचारील. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पैठणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर महसूल गुप्तचर संचालनालयाने आणि अहमदाबादच्या पोलिसांनी छापा घातला. मेफेड्रोनबरोबर चार किलोंहून अधिक केटामाइन पकडल्याचे जाहीर झाले. कारखाना आला की कामगार आला. म्हणून विषय आमचा झाला. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे सांगतो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून.

केटामाइन हे भुलीचे औषध. अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ साली ते तयार केले. १९७० साली तेथे त्याला मान्यता मिळाली. इतर औषधे माणसाला झोपवतात. हे मात्र देह आणि मन यांची ताटातूट करते. डोळे उघडे राहतात, श्वास बहुधा चालतो, पण सुरी लागल्याची खबर मनाला पोहोचत नाही.

आता मात्रा पाहा. डॉक्टर वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून देतात, तेव्हा मिनिटाच्या आत भूल चढते आणि पाचदहा मिनिटे टिकते. त्याच्या पंचमांशाहून कमी दिले, तर माणूस शुद्धीत राहतो आणि वेदना तेवढी उतरते. या दोहोंमधला प्रदेश मोठा फसवा. तेथे ना जाग, ना झोप. भास होतात, आपण देहाबाहेर आहोत असे वाटते, भीतीने माणूस ओरडतो.

मार्गाचेही तसेच. स्नायूत टोचले तर मात्रा अधिक लागते, भूल काही मिनिटांनी येते आणि जास्त वेळ राहते. तोंडावाटे घेतले तर यकृत त्याचा बहुतेक भाग मोडून टाकते. पाचवा हिस्सा रक्तात पोहोचला तर पोहोचला. नाकातून सुमारे निम्मे. शिरेत घाईने ढकलले, तर श्वास काही काळ थांबूही शकतो. वजन तेच, वाट बदलली की परिणाम बदलला.

वाफ तीच असते, पण बॉयलरला दाबमापक असतो आणि त्याच्यापाशी माणूस उभा असतो. इस्पितळात नाडी आणि श्वास यांची राखण करणारा असतो. चोरबाजारातल्या पुडीला ना वजन, ना शुद्धता, ना राखण. त्यावर दारू प्यायली तर धोका वाढतो. वारंवार घेतले तर सवय जडते, मूत्राशय आकसते, लघवीतून रक्त जाते.

मग सरसकट बंदी घालावी काय? २०१५ साली चीनने केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा प्रस्ताव मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याला विरोध केला. कारण जेथे भुलीचे यंत्र नाही, विजेचा भरवसा नाही, तेथे गरिबाची शस्त्रक्रिया याच औषधावर होते. आपल्याकडे २०११ साली ते अमली पदार्थांच्या कायद्यात आले आणि २०१३ साली त्याची विक्री अधिक कडक झाली. चोरावरचा पहारा हवाच. पण त्या पहाऱ्यात खेड्यातली बाळंतीण अडकता कामा नये.

राहिला आमचा कामगार. कारखान्यातील आरोग्य आणि सुरक्षितता यांची माहिती मागण्याचा हक्क त्याला १९८७ सालच्या दुरुस्तीने मिळाला. पुढे कायद्याचे नाव बदलले, म्हणून हा हक्क सोडायचा नाही. पिंपात काय आहे, ते कोठे जाते, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. डॉक्टर जशी नाडीची राखण करतो, तशी आम्ही पिंपाची केली पाहिजे. आणि विचारणाऱ्याची नोकरी जाऊ नये, एवढी राखण आपण नागरिकांनी करावी.