भविष्यलक्षी अभ्यास आणि आपले संशोधक विद्यार्थी

(दुधनी येथे भरलेल्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-परिषदेत दिलेले व्याख्यान)



आपल्या समाजातील मुलेमुली आता पदवीवर न थांबता पीएच.डी.साठी नाव नोंदवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु विषय निवडण्याचा उत्साह जितका दिसतो, तितका विचार संशोधनाची पद्धती निवडताना होत नाही. आरोग्य, आहार, शिक्षण अशा विषयांवर काम करू इच्छिणाऱ्यांना एक पद्धती फार मोह घालते. तिला इंग्रजी नाव प्रॉस्पेक्टिव्ह स्टडी. आम्ही तिला भविष्यलक्षी अभ्यास म्हणतो. ती कधी पत्करावी व कधी पत्करू नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दुधनीच्या बाजारपेठेत हा भेद समजावणे अवघड नाही. अडत्याच्या दुकानी मालाचे वजन होताच वहीत नोंद होते. ती नोंद न करता वर्षाअखेर आठवणीने हिशेब मांडला, तर कोणता शेतकरी तो मान्य करील? पूर्वलक्षी अभ्यास बहुधा आठवणीवर चालतो : रोग झालेल्याला विचारावयाचे की तू पूर्वी काय खात होतास, काय ओढीत होतास. दुखणेकरी मनुष्य आपल्या दुखण्याचे कारण शोधीत असतो, म्हणून त्याची आठवण निरोग्यापेक्षा निराळी चालते. भविष्यलक्षी अभ्यासात फळ दिसण्यापूर्वीच कारणाची नोंद होते. माणसे निरोगी असतानाच त्यांची माहिती लिहून घ्यावयाची आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घ्यावयाचा. कारण आधी, कार्य मागून, हा क्रम येथे वहीतच सिद्ध होतो.

इंग्लंडात डॉल व हिल या दोघा शास्त्रज्ञांनी १९५१ साली तेथील डॉक्टरांनाच धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली. चाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. हा मागोवा पन्नास वर्षे चालला, आणि जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटते, असे २००४ साली मांडले गेले. आपल्या मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात मतदारयाद्यांच्या आधारे ३५ वर्षांवरील १,४८,१७३ व्यक्तींची नोंद करण्यात आली. विडी ही सिगारेटीपेक्षा सौम्य, असा समज आपल्याकडे होता. या अभ्यासात तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळले. ज्या सोलापुरात हजारो स्त्रियांचे हात विड्या वळण्यात झिजले, त्या जिल्ह्याने हे आकडे विसरू नयेत.

याहून जवळचे उदाहरण आपल्या बार्शीचे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. त्याच पायावर १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेतल्या. तीन विभागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्यास नेहमीचीच आरोग्यसेवा व माहिती मिळाली. आठ वर्षांच्या मागोव्यानंतर, विषाणूची तपासणी झालेल्या विभागात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर चौथ्या विभागात ६४. निष्कर्ष जगभर मान्यता पावला. परंतु चौथ्या विभागातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्नही पुढे विचारला गेला. विद्यार्थ्यांनी निष्कर्ष व प्रश्न दोन्ही लक्षात ठेवावेत. नुसते पाहत राहणे हेही एक कृत्य आहे आणि त्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. वरील अभ्यासांमागे मोठ्या संस्था व पगारी सेवकवर्ग होता. विद्यार्थ्याजवळ एक सायकल नाही तर मोटारसायकल असते. समजा, एखादा रोग वर्षाला हजारात एकास होतो. दोन हजार माणसांचा तीन वर्षे मागोवा घेतला, तरी रुग्ण मिळणार सहा! सहा रुग्णांवर प्रबंध उभा राहत नाही. म्हणून दुर्मिळ रोगासाठी, किंवा ज्याचे फळ वीस वर्षांनी दिसते अशा गोष्टीसाठी, एकट्या विद्यार्थ्याने हा मार्ग धरू नये. रुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्या विश्वसनीय असतील तर त्यांतून समूह उभारावा, अथवा चालू असलेल्या अभ्यासात परवानगीने आपला प्रश्न जोडावा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील गर्भवतींचा व पुढे त्यांच्या मुलांचा असाच दीर्घ मागोवा घेतला.

मात्र ज्याचे फळ वर्षाच्या आत हाती येते असा प्रश्न असेल, तर हा मार्ग विद्यार्थ्यालाही खुला आहे. उदाहरणार्थ, गरोदरपणातील रक्तक्षय आणि बाळाचे जन्मवजन. अभ्यासक्रम व मंजुरी यांस एक वर्ष, नावनोंदणीस एक, शेवटच्या मातेच्या प्रसूतीपर्यंत आणखी आठ-नऊ महिने आणि लेखनास एक वर्ष. चार वर्षांत काम उरकते.

पण कागदावरचा हिशेब गावात येताच बदलतो. समजा ४०० गर्भवती नोंदविल्या. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि दुधनीच्या सुनेचे माहेर बरेचदा आळंद, अफजलपूर वा कलबुर्गीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात असते. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. शंभर जणी हाताबाहेर गेल्या, तर उरलेल्या तीनशे पुरेत असे म्हणता येणार नाही. गेलेल्या पहिलटकरणी, त्यांची बाळे बहुधा वजनाने कमी. गेलेल्या ऊसतोडणीवाल्या, त्या बहुधा गरीब. राहिलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष संख्येने मोठा असूनही खोटा ठरेल. म्हणून पहिल्याच भेटीत माहेरचे गाव, तेथील आशाताई व परत येण्याचा महिना लिहून घ्यावा. घरात कन्नड बोलणाऱ्या मातेस मराठी प्रश्नावली देऊ नये. संमतिपत्रही तिच्याच भाषेत वाचून दाखवावे.

आणि उस्मानाबादचा प्रश्न येथेही उभा राहतो. रक्त तपासताच एखादीचे हिमोग्लोबिन फार कमी आढळले, तर विद्यार्थ्याने काय करावे? तिला गोळ्या मिळाल्या तर आपला निष्कर्ष बिघडेल, म्हणून गप्प बसावे? कदापि नाही. त्याच दिवशी तिला सांगावे, आरोग्यकेंद्रात पोहोचवावे आणि घेतलेल्या गोळ्यांचीही नोंद करावी. निष्कर्ष थोडा फिका पडेल, पडू द्यावा. हे सर्व नीतिसमितीपुढे आधी मांडून, तिची मंजुरी हाती आल्यावरच पहिले नाव वहीत लिहावे.

ज्ञातिबांधवांनाही एक विनंती आहे. आपण शिष्यवृत्त्या देता, हे उत्तमच. परंतु अशा विद्यार्थ्याला पैशाइतकीच गरज ओळखीची असते. सीमेच्या दोन्ही बाजूंना आपले सोयरे आहेत. माहेरी गेलेली मुलगी कोणत्या गावी आहे, हे शोधण्यास त्याला दार उघडून द्या. तिची माहिती मात्र विचारू नका. ती तिची व अभ्यासकाची ठेव आहे. आणि केवळ आपल्याच घरांची दारे उघडली तर अभ्यास एका ज्ञातीचा होईल, गावाचा होणार नाही. म्हणून सर्व आळ्यांत त्याच्याबरोबर चला.

विद्यार्थिमित्रहो, या पद्धतीत आज पेरलेले आजच उगवत नाही. ज्याला मुदतीत उगवेल असा प्रश्न निवडता येतो, शेवटच्या मातेपर्यंत जाण्याची चिकाटी आहे आणि आकड्यापेक्षा माणूस मोठा मानण्याची तयारी आहे, त्याने ती अवश्य स्वीकारावी.